डाळ शिजेल तिथे घर

मित्रांनो, मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे हां. तीन पाय आहेत आणि तिन्ही सरळ आहेत. पोटात अजून एवढी हवा मावते की मनात आणलं तर चिंचवडवरचं सगळं धुकं मी एका फुंकरीत पवनेपलीकडे घालवीन. घालवत नाही, कारण सकाळचं लोकांना जरा गार बरं वाटतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. मुकादमानं पहिल्यांदा पंप मारला तेव्हा मी असा गरजलो की त्याच्या डोक्यावरची टोपी उडाली, छपरातून बाहेर गेली आणि तीन दिवसांनी शेजारच्या आळीत सापडली. खोटं वाटत असेल तर त्या टोपीला विचारा. पुढे पुण्यातल्या एका दुकानात मी वरच्या फळीवर बसलो. खालच्या फळीवर वातीचे स्टोव्ह होते. बिचारे मुके. त्यांच्याकडे बघून मला फार कीव यायची.

तिथून मला ज्योतीरामनं विकत घेतलं. ज्योतीराम माण तालुक्यातला, दुष्काळी मुलखातला गडी. दापोडीला मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात फिटर होता. खडकीला एका खोलीत तो आणि त्याची बायको विमलबाई भाड्यानं राहायचे. ज्योतीरामच्या डाव्या गुडघ्यावर एकदा मोटारीचा लोखंडी आस पडला होता. गुडघा बरा झाला असं तो सगळ्यांना सांगायचा. पण विमलबाई पाण्याला गेली की तो मला पेटवायचा, पातेलीत पाणी तापवायचा आणि फडकं बुडवून गुडघा शेकायचा. मला माहीत होतं, तिला नव्हतं.

मग त्या वर्षी, पंचावन्न साल असेल, खोलीच्या मालकानं सांगितलं, "दिवाळीनंतर पोराचं लग्न आहे, खोली लागणार." ज्योतीरामनं ठरवलं की आता भाड्याचं पुरे, दोन गुंठे जागा घ्यायची. पिंपरीला पेनिशिलीनचा कारखाना उभा राहिला होता. आजूबाजूच्या गावातले शेतकरी रस्त्याकडेचे तुकडे विकत होते. पण गावं दहा, नि जमवलेले पैसे एकाच जागेपुरते. चुकलं की जन्मभर चुकलं.

विमलबाईची एकच अट होती. माणात पाणी जड. नवी सून असताना तिनं चार चार तास डाळ शिजवली, तरी ताटात खडे पडल्यासारखी वाजायची. सासू म्हणायची, "आईनं चूल दाखवली नव्हती का गं?" म्हणून विमलबाईनं नवऱ्याला सांगितलं, "घर तुम्ही कुठंही घ्या हो. पण जिथं तुरीची डाळ शिजंल तिथंच घ्या. बोट ठेवलं की विरली पाहिजे."

"दिला शब्द," ज्योतीराम म्हणाला.

आता बघा, जागा पारखायची त्यांची पद्धत कशी होती. रविवारी सकाळी सायकल निघायची. पुढे ज्योतीराम, मागे कॅरिअरवर विमलबाई आणि तिच्या मांडीवर पिशवीत मी. राजाची स्वारीच म्हणा ना. जागेवर पोचलं की तिथल्या विहिरीचं पाणी काढायचं, मूठभर डाळ माझ्यावर चढवायची आणि ज्योतीरामनं सायकल हाणत दापोडीच्या कारखान्याच्या फाटकाला हात लावून परत यायचं. तो परत येईस्तोवर डाळ शिजली तर जागा पास. पाणीही कळलं, वाटही कळली. विलायतेहून साहेब मला बघायला यायचे होते, पण बोटीचं तिकीट मिळालं नाही.

पहिली जागा दापोडीच्या कारखान्याच्या अगदी बुडाशी होती. ज्योतीराम गेला आणि लगेच आला. डाळ मात्र तशीच टणक. विमलबाईनं एक दाणा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. रावेतला पाणी असं गोड, की डाळ पातेल्यात पडायच्या आधीच मऊ झाली. पण ज्योतीराम परत आला तो कमरेपर्यंत भिजून, सायकल खांद्यावर घेऊन. "मधला ओढा भरला की मी कामावर पोहत जाऊ का?" म्हणाला.

तिसऱ्या रविवारी चिखली. जागा ऐसपैस, पाणी चांगलं. डाळ शिजली, गार झाली, तिच्यावर साय धरायची वेळ आली, तेव्हा ज्योतीराम उगवला. गाडीवाटेच्या चिखलातून सायकल ढकलून त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. विमलबाईनं विचारलं, "लांब पडतंय का हो?"

"छे! जरा वळण आहे इतकंच."

जागेच्या मालकानं खूश होऊन माझ्यावर चहाला दूध ठेवलं आणि गप्पांच्या नादात ते उतू गेलं. सगळं माझ्या डोक्यावर. मित्रांनो, स्टोव्हच्या डोक्यात सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. त्यातून रॉकेलची वाफ येते आणि जाळ होतो. ते भोक पिनेनं साफ ठेवायचं, एवढीच आमची सेवा. पण पिन हरवली होती आणि आठवडाभर ज्योतीरामला वेळ झाला नाही. तो म्हणायचा, "पेटतोय ना? मग झालं." मीही मोठा गर्विष्ठ. जळकं दूध नरड्यात अडकलं होतं, पण खोकला दाबून तसाच फुरफुरत राहिलो. मुकादमाची टोपी उडवणाऱ्यानं काय आजारी पडायचं?

चौथ्या रविवारी चिंचवड. स्टेशन आणि गावाच्या मध्ये मारुतराव नावाच्या शेतकऱ्याची जागा होती. सपाट जमीन, कडेला विहीर, हाकेवर मुंबईचा रस्ता. मारुतराव म्हणाला, "दुपारपतूर काय ते सांगा बरं. देहूरोडचा एक पावणा इसार घेऊन यायचा हाय."

ज्योतीराम गेला आणि तासाभरात आला. असा आला की जणू वाटेला उतारच होता, जातानाही आणि येतानाही! "विमल, डांबरी रस्ता सरळ फाटकाला लागतो. आणि पावसात नको वाटलं तर इथून आगगाडीनं खडकीला उतरायचं, तिथून कारखाना जवळच. बघ तरी, मला घामसुद्धा आला नाही."

विमलबाईनं झाकण काढलं. पळीनं डाळ ढवळली. खळ्ळ खळ्ळ आवाज झाला.

"कच्ची आहे," ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी नुसतं कोमट होतं हो! माझा जाळ पिवळा, मिणमिणता. पातेल्याचं बूड काळं कुट्ट. दोष विहिरीचा नव्हता, माझा होता. ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण खरं सांगू? तोंड असतं तरी त्या क्षणी मी गप्पच बसलो असतो. इतक्या लोकांत आपली चूक कोण कबूल करतो?

ज्योतीरामनं एकदा त्या डांबरी रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाला, "चल. चिखलीवाल्याला होकार देऊ. शब्द दिलाय तुला."

तो सायकल वळवायला लागला तसा त्याचा डावा पाय लचकला. मारुतरावाची म्हातारी आई, गोजाबाई, वांगी खुडत होती. तिनं ते पाहिलं. पण त्याहून जास्त तिला दुसरंच झोंबलं होतं.

"का गं पोरी, जागा नगं म्हन्तीस?"

"जागा चांगली आहे आजी. पाणी जड आहे."

"काय म्हनलीस?" गोजाबाई टोपली टाकून उठली. "माज्या हिरीचं पानी जड? अगं, हितं चुकून विळा पडला तर तो बी शिजतुया! माजी साठ वर्सं गेली ह्या पान्यावर. हाय का तुज्याकडं आनिक डाळ? आन हिकडं."

"आये, गप की," मारुतराव म्हणाला. "पावणा येतुया. इकली जाईल जागा."

"तू गप. जागेचं न्हाई, हिरीच्या अब्रूचं हाय हे."

तिनं उरलेली डाळ ओढली, त्याच विहिरीचं पाणी घेतलं आणि आपल्या चुलीवर चढवलं. तेवढ्यात देहूरोडचा पाहुणा छत्री हलवत आलाच. त्यानं खिशात हात घातला. मारुतरावानं आईकडे बघितलं. गोजाबाई फुंकणी पाहुण्यावर रोखून म्हणाली, "बसा. डाळ शिजंस्तवर कुनी कुनाला काय द्यायाचं न्हाई."

बसला बिचारा. मलाही बसल्या जागी घाम फुटला होता. चूल विरुद्ध मी, असा सामना होता आणि मला आयुष्यात पहिल्यांदा हरायचं होतं.

डाळीला कढ आला. वास सुटला. गोजाबाईनं चार दाणे विमलबाईच्या तळहातावर ठेवले. विमलबाईनं बोट ठेवलं. दाणे विरले. नुसतं पिवळं लोणी.

विमलबाईनं विचारलं, "मग आमची का नाही शिजली?"

गोजाबाई माझ्याकडे आली. वाकून बघितलं आणि मला डोक्यावर एक टपली मारली. "ह्यो बघ चोर! ह्याचं नरडं भरलंया. आजारी इष्टो घिऊन फिरतीस आन नाव पान्याला ठिवतीस व्हय गं?"

ज्योतीराम फिटर माणूस. गाडीच्या इंजिनाचा खोकला लांबून ओळखणारा. तो जागच्या जागी लाल झाला. "आठवडाभर पिन आणतो म्हणालो नि आणली नाही. माझ्याच हातानं मी माझी जागा घालवत होतो."

त्यानं सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक बारीक पदर सोडवला आणि माझ्या भोकात घातला. एक टोचणी, दोन टोचण्या, तीन. मग पंप मारून काडी लावली. आणि मित्रांनो, मी असा गरजलो, असा गरजलो, की चिंचवड स्टेशनात उभ्या गाडीच्या ड्रायव्हरला वाटलं इंजिनच सुटलं, तो प्लॅटफॉर्मवरून धावत गाडीत चढला. पाहुण्याची छत्री आपोआप उघडली. हे मात्र खरंच झालं.

विमलबाई हसली नाही. ती नवऱ्याच्या पायाकडे बघत होती. "गुडघा कधीपासून दुखतोय?"

"नाही गं, तसं काही..."

"मघाशी पाय लचकला तो आजींना दिसला आणि मला दिसला नाही असं वाटलं का? चिखलीहून रोज कामावर कसे गेला असता हो?"

"शब्द दिला होता तुला."

"असला कसला शब्द!" विमलबाईचा आवाज चिरकला. "मी डाळ मऊ मागितली होती. ती खायला माणूस नको का धड?"

मग ती मारुतरावाकडे वळली. "दादा, जागा आम्ही घेतली."

पाहुणा म्हणाला, "अहो, पण इसार तर मी..."

"तुमी डाळ खावा," गोजाबाई म्हणाली आणि त्याच्या पुढ्यात वाडगा ठेवला. त्यानं खाल्ली. दोनदा मागून घेतली. पुढे त्यानं शेजारचाच तुकडा घेतला, म्हणजे बघा डाळ कशी असेल.

दिवाळीच्या आधी त्या जागेवर पत्र्याची एक खोली उभी राहिली. वीट नाही, फरशी नाही, पण तिच्यात पहिला जाळ माझा! पहिल्या दिवशी ज्योतीराम कारखान्यातून आला तेव्हा पत्र्यावर ऊन होतं. तो दारातच बसला. विमलबाईनं गरम पाण्याचं फडकं त्याच्या गुडघ्यावर ठेवलं, उघड उघड, चार लोकांदेखत. माझ्यावर डाळ रटरटत होती. मी मात्र त्या दिवशी मुद्दाम हळू आवाजात जळलो. मला तेही येतं.

पुढे पत्र्याच्या विटा झाल्या आणि आता घरात नवा स्टोव्ह आलाय. दिसायला चकचकीत, पण अजून कुणाची टोपी उडवलेली नाही. मला अडगळीत टाकतील असं वाटलं होतं. पण झालं उलटंच. सातारा, नगर, बीडकडून लोक कामाला येतायत, जागा शोधतायत. पत्ता विचारत येतात आणि म्हणतात, "वहिनी, तुमचा तो जागा बघणारा स्टोव्ह द्या ना." सगळ्या पट्ट्यात अशी पदवी दुसऱ्या कुणाला असेल तर दाखवा.

फक्त एक विनंती आहे, मित्रांनो. मला न्या, खुशाल न्या, पण परत आणताना माझं नरडं साफ करून आणा. गेल्या महिन्यात एकानं मला तसंच आणून ठेवलं. मी पुन्हा गप्पच बसलो, सवय आहे मला. आमच्यासारख्या गप्प बसणाऱ्यांकडे जरा वाकून बघत जा. पितळेचे असोत की हाडामांसाचे. विचारलं तर आम्ही "काही नाही" म्हणू. तरी बघा.

बरं, आज रविवार आहे. दारात एक नवं जोडपं उभं आहे, हातात डाळीची पुरचुंडी आहे. विमलबाईनं स्वतः पिन मारून मला पिशवीत ठेवलंय आणि त्या नव्या नवरीला विचारतेय, "तुझ्या ह्यांना चालायला काही त्रास नाही ना? नीट बघ गं, तेवढं आधी विचार."

सरका जरा. आकुर्डीला जायचंय आम्हाला.