छत्री, तार आणि बिरप्पा

आमच्या बिरप्पाला एक वाईट खोड आहे. मी कर म्हटलं की करायचं नाही, नको म्हटलं की करायचंच. पोटचा पोरगा, पन्नाशीला टेकला, तरी खोड जात नाही.

टीव्हीची केबल काढून फुकटच्या डिशची छत्री त्यानंच पत्र्यावर बसवली. एचडी चित्र, लई स्वच्छ. मैंदर्गीचा बाजार दाखवला असता तर बसल्या जागी भाजी निवडली असती मी. मग शेजाऱ्यानं वरचा मजला चढवला, छत्रीच्या तोंडासमोर भिंत आली आणि टीव्ही काळा पडला.

सोलापुरात काय मिस्त्री मिळत नाहीत? पण नाही. हा लांब लोखंडी पाइपाच्या टोकाला छत्री बांधून पत्र्यावर चढला. आत टीव्हीपुढं सून गुरम्मा, दारात मी. वरून त्यानं विचारायचं, आतून तिनं सांगायचं, मधे मी ओरडायचं.

"आलं का?"

"न्हाय!"

शेजारच्या मजल्याकडं बघत तो पाऊल पाऊल मागं सरकत होता. पाठीमागं विजेची मोठी लाईन. गेल्या साली त्याच तारेवरनं जळालेला कावळा आमच्या दारात पडला होता. मीच सुपलीत भरून टाकला. त्याची ती उघडी चोच आठवली आणि मी ओरडले.

"बिरप्पा, मागं तार हाय!"

"म्हायीत हाय, अव्वा. आलं का तेवढं सांग." आणि आणखी एक पाऊल मागं.

"थांब की रे!"

"तू गप की!"

वाऱ्यानं छत्री डुलली. माझं ऐकून हा थांबायचा नाही. मग कशानं थांबेल?

"आलं!" मी ओरडले. "आलं रे! हलू नको, लई स्वच्छ दिसायलंय!"

तो जागच्या जागी थिजला. छत्री फिरवणारा कुणीही त्या एका शब्दाला थांबतोच.

"कुटं आलंय, अत्ती?" आतून गुरम्मा. मी तिच्याकडं बघून ओठावर बोट ठेवलं.

जागा ध्यानात ठेवायला बिरप्पानं मान वळवली. छत्रीची कड आणि तार यांत वीतभर अंतर. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. हळूहळू त्यानं पाइप पुढं आडवा केला.

खाली येऊन तो टीव्हीपुढं उभा राहिला. पडदा काळाच.

"अव्वा, खोटं बोललीस?"

'मेल्या' हा शब्द माझ्या तोंडात कायमचा. त्या दिवशी तेवढा गिळला.

"व्हय, बोलले. खरं वरडत होते तवा ऐकलंस का? टीव्ही ऱ्हाऊ दे काळा. मिस्त्री यायच्या आत परत पत्र्यावर पाय ठेवलास, तर शिडी तोडून बंबात घालीन!"