लिंबाच्या बागंतलं पानी

आप्पासाहेब सरपंचाचं नाव काढलं की माजं डोकं अजून सणकतं. बहात्तरच्या दुष्काळात गावाला सरकारी टँकर यायचा, तो आदी ह्या मेल्याच्या लिंबाच्या बागंत रिता व्हायचा. उरलंसुरलं गावाच्या हिरीत. आमी बाया हिरीत उतरून वाटीनं पानी खरवडायचो. माजी सून पुष्पावती पोटुशी, दिवस भरत आलेलं. ‘आत्याबाई, आज मी जाते’ म्हनून उतरली आन् घसरली. पोर गेलं. ती वाचली, पन बोलंना झाली. भिंतीकडं तोंड करून पडून ऱ्हायची.

मी खडी फोडायचा हातोडा उचलला आन् निघाले बागंकडं. टाळकंच फोडनार हुते त्याचं. शेजारची राहीबाई आडवी आली. वयानं थोर, तोंडानं फाटकी.

“फोड की. तू जेलात, त्याचा पोरगा सरपंच, आन् टँकर लिंबालाच. लई शानी!”

“मग काय आरती ओवाळू का त्याला?”

“पंचायतीचं इलेक्शन आलंय. पाड त्याला.”

पाडनार कोन? आमच्या गावची रीत न्यारी. इलेक्शन आलं की आप्पासाहेब समद्या गड्यांना खंडोबाच्या देवळात बोलवायचा, बेलभंडारा उचलायला लावायचा: मत तुमालाच. एकदा उचलला की संपलं. शबूद मोडला तर देव घर धुऊन नेतो म्हनत्यात. औंदाबी उचलून झालता. आमच्या मालकांनीबी उचलला, सून घरात तशी पडलेली असताना! रडावं का मारावं, कळंना मला.

राहीबाईनं डोळं बारीक केलं. “लंके, तुज्या हातात दिलता का भंडारा?”

“बायांना कोन बोलवतंय देवळात?”

“मग? छबूबाईनं न्हाई उचलला, रंगुबाईनं न्हाई.”

मी हातोडा खाली ठिवला. निम्मं गाव सुटं हुतं आन् त्या शान्याच्या ध्यानातच न्हवतं!

उभं मीच ऱ्हायचं ठरलं. पन अर्जावर आनिक एका मतदाराचा अंगठा लागतो. राहीबाईला मतदार यादीत मेलेली दावलीवती. छबूबाई, रंगुबाई ‘व्हय’ म्हनल्या, आन् अर्जाच्या शेवटच्या दिवशी नवऱ्यांनी त्यांना घरातनं सोडलंच न्हाई. अर्ज श्रीगोंद्याच्या कचेरीत द्यायचा, तिकडची यष्टी यायची वेळ झाली. मी तशीच निघाले, तर आमचं मालक दारात आडवं.

“घरात बस. मी शबूद दिलाय. गावात तोंड कसं दावू?”

“तुमचा नातू गेला की वो!” मी वरडले.

त्यांनी मान खाली घातली. “ठावं हाय. पन देवाला हात लावलाय मी.”

तेवढ्यात मागनं आवाज आला, “आत्याबाई, माजं नाव हाय यादीत.”

पुष्पावती भिंत धरून उभी हुती. पोर गेल्यापासनं पैल्यांदा बोलली.

“अगं बया, तुला उभं तरी ऱ्हाता येतंय का?”

“यष्टीत बसायचंच हाय की. अंगठा मी देते.”

मालक दारातनं बाजूला झालं. “मत मी न्हाई दिनार तुला,” म्हनलं.

“नका दिऊ. पन पोरीला धरा आदी. यष्टीपातुर चालवायचं न्हाई तिला.”

धरलं त्यांनी. आप्पासाहेबाच्या दारावरनं, समद्या गावादेखत.