संत निकोलस रविवारी येतील

फाटकावर नोटीस लागली होती : ‘उत्पादनाच्या सोयीसाठी यंदा संत निकोलसचा सण मंगळवारऐवजी रविवारी साजरा होईल.’ खाली मॅनेजर वुकोयेंचा सही-शिक्का. संताची सही नव्हती.

सर्बियात प्रत्येक घराण्याचा एक रक्षक संत असतो. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या त्या सर्बियन कारखान्यात एकशेचाळीस बाया होत्या आणि त्यांतल्या एकसष्ट जणींच्या घरचा संत निकोलसच. कायद्याने ज्याला त्याला आपल्या घरच्या संताच्या दिवशी रजा मिळते. पण कायदा करणाऱ्यांना कव्हरं शिवायची नव्हती.

स्टामेनका रजेचा कागद घेऊन केबिनमध्ये गेली. नवरा वारल्यापासून घरचा सण तीच चालवत होती. एक वर्ष चुकलं, तर सासरच्या सात पिढ्यांचा दिवा तिच्या हातून विझला असं गाव म्हणणार, आणि गाव तिच्या शेजारीच राहत होतं.

“बाई, तुमचा करार जानेवारीत संपतो,” वुकोये म्हणाले. “मंगळवारी गैरहजर राहिलात, तर नवीन मिळणार नाही.”

“गैरहजर कोण राहतंय, साहेब?”

मंगळवारी सकाळी सहाला ती हजर झाली. पिशवीतून सणाचा पाव, गोड शिजवलेले गहू आणि हातभर मेणबत्ती काढली. मेणबत्ती मशीनवर उभी करून पेटवली.

सुरक्षेवरच्या टिहोमीरने धावत येऊन मेन स्विच पाडला. एकशेचाळीस मशीनं गप्प.

“हे काय?” वुकोये ओरडले.

“नियम सात, साहेब. उघडी ज्योत दिसली की वीज बंद. तुम्हीच लावलाय भिंतीवर.”

“मग विझव ना ती!”

“मी? माझी आई जिवंत आहे, साहेब. घरात घेणार नाही.”

“बाई, तुम्ही विझवा.”

“विझवणार ना. संध्याकाळी. पाहुणे जेवले की वाइन शिंपडून. घरी असते तर तिथेच विझवली असती.”

वुकोये स्वतःच वाकले. गाल फुगवले. एकशेचाळीस बायांनी छातीवर क्रूस काढला. एकीने तर त्यांच्या आत्म्यासाठीही काढला. फुगलेल्या गालांनी ते क्षणभर तसेच राहिले, मग तोंड वळवून श्वास टिहोमीरच्या तोंडावर सोडला.

“द्या तो कागद.”

“कायद्याचं कलमही लिहा, साहेब. जानेवारीत तुम्हाला आठवायला सोपं.”

त्यांनी कलम लिहिलं, सही केली. स्टामेनकाने जळती मेणबत्ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत उतरवली. टिहोमीरचा हात स्विचकडे गेला, तेवढ्यात तिसऱ्या रांगेत काडी ओढल्याचा आवाज आला. मग पाचव्या. मग सगळीकडून.

साठ कागदांवर सह्या करता करता साडेआठ वाजले. तेवढ्यात वुकोयेंचा फोन वाजला. पलीकडून त्यांची आई इतकी मोठ्याने बोलत होती, की शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं. पाद्री येऊन बसलेत, कार्प मासा भाजून झालाय, आणि यजमान कुठे उलथलाय?

“अगंबाई, साहेबांचाही निकोलसच!” कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत थांबलेली स्टामेनका बरणी घेऊन दारापर्यंत गेली होती, ती परतली. “मग चला की, साहेब.”

“माझी रजा मुख्य कार्यालय मंजूर करतं,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “दहा दिवस आधी कळवावं लागतं.”

तिने त्यांच्या टेबलावर चमचाभर गहू ठेवले.

“खा. रविवारी येतील संत तुमच्याकडे. नोटीस लावलीय ना.”