मटण न मिळाल्याची तक्रार

माझं तिसरं पान गेल्याचं सगळ्यांना कळलं ते मंगळवारी सकाळी, संग्रहालयातल्या बाईंनी मला टेबलावर उघडलं तेव्हा. त्यांनी पुढचं तिसरं पान शोधलं, ते नव्हतं. आणि मागून तिसरं पान सुटून फरशीवर पडलं. मालकांनी वाकून ते उचललं. त्यावर त्यांच्या बायकोचं अक्षर होतं. बायको जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

मित्रांनो, मी एका खानावळीची तक्रारवही आहे. वय झालंय माझं, पण विसरभोळी नाही. मला बनवणाऱ्या बाइंडरने सोळा मोठे कागद मधोमध दुमडले आणि दुमडीवर दोऱ्याने शिवले. त्यामुळे माझं पहिलं आणि शेवटचं पान एकाच कागदाचं, तिसरं आणि मागून तिसरं एकाच कागदाचं. ही गोष्ट फक्त मालकीणबाईंच्या लक्षात आली. खानावळ त्यांच्या हट्टाने निघाली होती. मांस शिजणार नाही, हा हट्ट. गिऱ्हाइकांनी तक्रार पुढच्या पानावर लिहायची आणि बाई उत्तर द्यायच्या त्याच कागदाच्या मागच्या अर्ध्या भागावर.

"अगं, उत्तर वाचायला कोण शेवटपर्यंत पानं उलटणार?" मालक म्हणायचे.

"ज्याला खरंच राग आलाय तो उलटेल. बाकीच्यांनी गपगुमान जेवावं."

तिसऱ्या पानावरची तक्रार समोरच्या हॉटेलवाल्याची. त्याच्याकडे तेव्हा मटणच मिळायचं. आमच्याकडे किती माणसं येतात ते बघायला तो येऊन बसायचा, जेवायचा, वर नावं ठेवायचा. त्याने लिहिलं होतं: "आज तिसऱ्यांदा जेवलो. मटण नाही, मासा नाही, कोबी अळणी. अशी बिनमांसाची खानावळ या शहरात दुसरी नाही आणि होणारही नाही. बायकोचं ऐकून मालक बुडणार." खाली तारीख आणि लफ्फेदार सही.

बाईंचं उत्तर: "समोरच्या दादांना, मटण मिळणार नाही. मीठ कमी होतं हे कबूल. उद्या पुन्हा या."

दादा पुन्हा आले. चार वर्षांनी त्यांनी स्वतःचं मटण बंद केलं, कारण गर्दी आमच्याकडे व्हायला लागली होती. बाई हे पान नव्या गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायच्या. पुढे त्यांचे गुडघे गेले, खानावळ बंद झाली आणि मी कपाटात गेले. बाई वर्षातून दोनदा माझी धूळ पुसायच्या. मालकांच्या ते कधी लक्षात आलं नाही. आता ते स्वतः पुसतात, फार जोराने पुसतात.

यंदा संग्रहालयाने ठरवलं की शहरातल्या पहिल्या शाकाहारी हॉटेलावर पितळी पाटी लावायची. दादा कधीच गेले होते. त्यांच्या मुलाने अर्ज केला. मालकांनीही केला. त्यांना पाटीवर बायकोचं नाव हवं होतं, बाकी काही नको होतं.

मालकीणबाई गेल्यावर तो मुलगा भेटायला आला होता. डोळे पुसत म्हणाला, "काकूंची ती वही बघू का जरा? आठवण म्हणून." मालक त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेले. मित्रांनो, माझं पान चहाला उकळी येईपर्यंत फाडलं गेलं. त्याने ते अगदी दुमडीवरून फाडलं, मागे चिंधीसुद्धा राहू नये म्हणून. ती सफाईच त्याला नडली. चिंधी ठेवली असती, तर जोडीचं पान दोऱ्यात टिकलं असतं. मग तो चहा प्यायला आणि बिस्किटं चांगली आहेत म्हणाला.

संग्रहालयातल्या बाईंनी सुटलेल्या पानाची कड भिंगाखाली धरली. "सगळी वही पिवळी पडलीय आणि ही कड पांढरी आहे. हे हल्लीच फाडलंय, काका."

"मला ती तक्रार तोंडपाठ आहे. लिहून घ्या."

"पाठ असलेलं पुरावा होत नाही. आणि काकूंचं उत्तर काकूंच्याच बाजूने बोलणार. समोरच्याने स्वतःच्या हाताने 'दुसरी नाही' लिहिलेलं समोर असतं, तर मी आत्ता सही केली असती."

"त्या मुलाकडे काय पुरावा आहे?"

"हॉटेलच्या जुन्या पाटीचा एक फोटो. त्यावरचं साल मागाहून रंगवलंय. त्यालाही मी हो म्हणणार नाही."

पुढच्याच आठवड्यात त्यांचा अहवाल आला: दोन्ही दावे सिद्ध नाहीत, पाटी तूर्त कोणालाच नाही. समोरच्या मुलाने भिंतीवर पाटीसाठी चौकोन रंगवून ठेवला होता. तो तसाच रिकामा आहे. मला त्याचा आनंद होतो आणि मी तो लपवत नाही.

पण माझं तेवढ्याने भागत नाही. मला शिवून घ्यायचं नाही, डिंकही नको. ते पान त्याने जाळलेलं नसणार. बापाची सही आहे त्यावर, ती जाळायला हात धजत नाही. ती पांढरी कड मी जपून ठेवली आहे. पान समोर आलं की कागदाचा धागा धाग्याला जुळेल आणि चोर कोण ते सगळ्यांना दिसेल.

मालकांनी त्याला निरोप पाठवला. "पान घेऊन ये. तुझ्याच हॉटेलात, भर जेवणाच्या वेळी, उभा राहून मोठ्याने वाच. अळणी कोबीसकट." त्याने उलट विचारलं, "कुठलं पान?" मालकांनी दुसरा निरोप पाठवला, "तुझ्या बापाचं."

मित्रांनो, वह्या जपा असं तुम्हाला नेहमी सांगतात. मी म्हणते, रडत आलेल्या माणसाच्या हातात वही देऊन आत जाऊ नका.

दुसऱ्या निरोपाला महिना झाला. पान आलेलं नाही, आणि बाईंचं नाव अजून कुठल्याही पाटीवर लागलेलं नाही.