वर्षभराने मारलेली गाठ

बाळंतपणाची रजा संपवून निशा पनवेलच्या हॉस्पिटलात परतली, तेव्हा तिच्या वरिष्ठ सर्जन मिल्का मॅडमनी तिला ऑपरेशन थिएटरात नाही, सरावाच्या खोलीत नेलं. टेबलावर दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या सरावाचा तोच जुना प्लास्टिकचा खोका: झाकणाला दोन भोकं, त्यांतून आत जाणारे लांब चिमटे, आतलं दाखवणारा स्क्रीन.

“आतल्या रबराच्या चिरेला टाका घाल. गाठ टिकली तर उद्याची पित्ताशयाची केस तुझी. सुटली, तर काही महिने नुसता कॅमेरा धरायचा.”

“वर्षभर हात लावला नाहीये, मॅडम.”

“म्हणून तर बघायचंय, किती उरलंय ते.”

बाहेर हात उजवीकडे नेला की आत चिमट्याचं टोक डावीकडे जातं. निशा मनात एकेक पायरी म्हणत गेली आणि तिथेच फसली. सुई तिरकी पडली. पुन्हा धरली, तर दोरा निसटला. शिकताना याच खोक्यापुढे घालवलेल्या सगळ्या संध्याकाळी पाण्यात?

तेवढ्यात बाहेरून लेकीचं, सईचं रडणं आलं. बाटली तोंडात धरत नाही, म्हणून भामाबाई, निशाच्या सासूबाई, नातीला घेऊन कामोठ्याहून रिक्षाने आल्या होत्या.

भुकेचं आहे का हे? नाही, झोपेचं. मग मध्येच हुंदका का देतेय? निशाचा सगळा जीव दाराशी गेला. आवाज जिन्याकडे सरकला, म्हणजे सासूबाई फेऱ्या मारताहेत. कमी झाला. थांबला.

“झालं?” मॅडमनी विचारलं.

निशानं स्क्रीनकडे पाहिलं. टाका नीट बसला होता, वर गाठही पडली होती. दोरा कापायचा तेवढा राहिला होता.

मॅडमनी चिमटे घेऊन चीर दोन्ही बाजूंनी ताणली. अजून ताणली. रबर वाकलं, गाठ हलली नाही.

“लक्ष कुठे होतं तुझं?”

“सईकडे.”

“तरीच. मघाशी तू हातांना शिकवत बसली होतीस. त्यांना येतंय सगळं. उद्या मात्र लक्ष पेशंटकडे ठेव. कॅमेरा मी धरते.”

बाहेर भामाबाई सईला थोपटत उभ्या होत्या. “झाला का तुजा पेपर? आमी दोगी दमलो.”

“पास झाले, आई. उद्याचं ऑपरेशन मी करणार.”

“मंग? नापास व्हायला शिकली व्हतीस काय?” म्हणत त्यांनी नात सुनेच्या हातात दिली आणि समोरून जाणाऱ्या नर्सला थांबवलं. “ऐकलंस ना? उद्या माजी सून करनार हाय.”