दुसरं पान

तापमानाचे सेन्सर तपासायच्या माझ्या कामात लोकांना फक्त स्टिकर हवा असतो. "स्टिकर लावलात ना?" एकतीस वर्षं हाच प्रश्न ऐकतोय. मी देतो ते प्रमाणपत्र दोन पानांचं. पहिल्यावर शिक्का, सही, तारीख. खरं काम दुसऱ्यावर: यंत्र कितीने चुकतं आणि किती मिळवून वाचायचं. ते पान उलटताना मी आजवर एकालाही पाहिलेलं नाही. बायको म्हणते, "त्यावर वाणसामानाची यादी लिहून दिलीत तरी कुणाला कळायचं नाही." तिचं काय चुकलं?

त्या दिवशी लहान मुलांच्या दवाखान्यात सकाळपासून अकरा फ्रिज झाले होते. गुडघे बोलायला लागले होते. राहिले होते औषधभांडारातले दोन फ्रिज आणि त्याआधी मागच्या बाजूची दुधाची खोली. ज्या आयांना जास्तीचं दूध येतं, त्या ते इथे देऊन जातात. मग ते गरम पाण्याच्या टाकीत साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास ठेवतात आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना पाजतात. कमी तापलं तर जंतू तसेच राहतात. ही खोली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे दूधमावशी म्हणतात. त्या दूध गोळा करायला वॉर्डात गेल्या होत्या.

थर्मासातल्या बर्फाच्या पाण्यात माझा सेन्सर बुडवला, तो शून्य दाखवतोय याची खात्री केली आणि मग टाकीत सोडला. माझा आकडा साडेबासष्ट, टाकीचा साडेसाठ. गेल्या वर्षीही दोन कमी, त्याच्या आदल्या वर्षीही दोन कमी. दर वर्षी मी इमानेइतबारे लिहितो, 'आकड्यात दोन मिळवा.'

नियमाप्रमाणे माझं काम चूक सांगायचं, काढायचं नाही. काढायची तर त्यांनी तसं लेखी द्यावं लागतं. पण मी दमलो होतो आणि वैतागलोही होतो. कोण वाचतंय माझं? बाळांच्या जिवाशी खेळ चाललाय आणि हे स्टिकर बघतात! टाकीच्या यंत्रातला आकडा मीच दोनने पुढे सरकवला; आता तीही साडेबासष्ट दाखवायला लागली. बरं वाटलं. दुसऱ्या पानावर लिहिलं, 'काही मिळवू नये', आणि कागद दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरीणबाईंना नेऊन दिले.

"स्टिकर लावलात ना?" त्या म्हणाल्या, आणि कागद खणात गेले.

औषधभांडारातले ते दोन फ्रिज उरकून पिशवी आवरली, तर थर्मास नाही. पाय ओढत दुधाच्या खोलीत परत गेलो.

दूधमावशी टाकीपाशी उभ्या होत्या. आत बाटल्या, घड्याळ चालू, आकडा साडेसाठ.

"मावशी, अजून तापायचंय ना?"

"तापलंय की. इथे साडेसाठ म्हणजे खरे साडेबासष्ट."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेलं माझं गेल्या वर्षीचं दुसरं पान. 'दोन मिळवा'खाली लाल रेघ. त्याच्यामागे आधीच्या वर्षांची पानं.

मी चालू घड्याळाकडे बघितलं.

"ही कितवी खेप?"

"दुसरी. पहिली ती काय, गार होतेय. सिस्टर येतीलच न्यायला."

कोपऱ्यात गार पाण्यात चौदा छोट्या बाटल्या उभ्या होत्या. मी काय केलं ते सांगून टाकलं. मावशी चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी टाकीचं तापमान वाढवलं आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. मग गार होणाऱ्या बाटल्या बेसिनपाशी नेऊन, एकेकीवरचं नाव वाचून ओतायला लागल्या.

"परत तापवून नाही चालणार?" मी विचारलं.

"नाही चालत. ही बाई दोन बस बदलून येते रोज," त्या म्हणाल्या आणि तीही बाटली ओतली.

सिस्टर आल्या आणि रिकाम्या हाताने गेल्या. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"नवं पान कुठाय?" मावशींनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंच्या खणातून ते आणून दिलं. पहिल्या पानाकडे त्यांनी बघितलंही नाही. चष्मा लावून, एकेका ओळीखाली बोट धरून दुसरं पान वाचायला लागल्या. एकतीस वर्षं जे बघायला डोळे आसुसले होते ते समोर चाललं होतं, आणि माझी मान वर होत नव्हती.

"'काही मिळवू नये'," त्यांनी मोठ्याने वाचलं. "आज किती वाजल्यापासून, तेही लिहा."

मी लिहिलं, खाली सही केली. मावशींनी पुन्हा वाचून पाहिलं. मग लाल पेन घेतलं आणि त्या ओळीखाली रेघ ओढली. या वेळी दोनदा.