मेतकूट, चार्जर आणि मी

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. दोन लिटरचा. पाच लिटरचे कुकर पंगती जेवू घालतात. माझ्या वाट्याला येतात ते आजारी माणूस, दात न आलेलं मूल, नाहीतर एकटा जीव. आनंदाच्या प्रसंगी मला कुणी हौसेनं फळीवरून खाली काढल्याचं मला आठवत नाही.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात पत्रा दाबला आणि मी झालो. पुण्यात मधुमतीबाईंनी फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला त्यांच्या बहिणीनं मला भेट म्हणून आणलं. काही वर्षांनी आसावरी झाली. तिचा पहिला मऊ भात माझ्यात शिजला. तो तिनं माझ्या देखत थुंकून टाकला. मी मनाला लावून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीचा तिनं खाल्ला.

मग ती मोठी झाली, तिला पावभाजी आवडू लागली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. माळ्यावर माझ्या शेजारी एक बंद पडलेला टेबलफॅन होता. त्याचा स्वभाव चांगला होता, पण फिरत नसल्यामुळे त्याच्याकडे नवीन बातमी नसे.

मला खाली काढलं ते आसावरीला इंग्लंडमध्ये, रीडिंगला, नोकरी लागली तेव्हा.

"आई, तिकडे सगळं मिळतं गं," आसावरी म्हणाली.

"कुकर मिळतो?"

"मिळत असेल."

"असा मिळतो?"

मी बॅगेत गेलो. झाकण लावण्याआधी मधुमतीबाईंनी माझ्यात मेतकुटाची पिशवी कोंबली आणि म्हणाल्या, "हे बघ, भांडं कधी रिकामं न्यायचं नाही. रिकामं भांडं उंबऱ्याबाहेर जाऊ नये. आणि जागाही वाया जात नाही." शेवटचं कारण खरं होतं. पहिलं शास्त्र होतं. आसावरीनं दोन्ही लक्षात ठेवली. पुढे जे झालं ते त्यामुळे झालं, पण ते पुढे.

रीडिंगला आसावरी एका घरात भाड्यानं खोली घेऊन राहायची. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक. माझी पहिली शिट्टी झाली तेव्हा वरच्या मजल्यावरची फ्रेंच मुलगी टॉवेल गुंडाळून थेट बागेत जाऊन उभी राहिली. शेजारच्या खोलीतला नागपूरचा यतीन मात्र खाली धावत आला आणि म्हणाला, "वरण आहे का?" माणसाची ओळख अशी संकटात पटते.

ते दिवस चांगले होते, मित्रांनो. सकाळी आसावरी ऑफिसला जायची. संध्याकाळी मला गॅसवर ठेवून आईला फोन लावायची. पुण्यात तेव्हा झोपायची वेळ झालेली असे, पण मधुमतीबाई शिट्टी ऐकल्याशिवाय झोपत नसत.

"किती झाल्या?"

"तिसरी झाली."

"मग बंद कर. आणि वाफ जाईपर्यंत उघडू नकोस."

एवढं झालं की पुण्यातला दिवा मालवला जाई.

सुट्टी आली की आम्ही प्रवासाला निघायचो. लिस्बन, प्राग, एडिंबरा. आसावरी शाकाहारी. प्रागमध्ये पहिल्या दिवशी तिनं ब्रेड आणि चीज खाल्लं, दुसऱ्या दिवशी चीज आणि ब्रेड खाल्लं. तिसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मी मुगाची खिचडी केली आणि दोन कोरियन मुली व एक सायकलवरून जगप्रवास करणारा म्हातारा असे आम्ही सगळे जेवलो. माझ्या आयुष्यातली ती एकमेव पंगत. युरोपातले विमानतळ मी बरेच पाहिले, पण बॅगेतून. प्रत्येक ठिकाणी मला ट्रेमध्ये काढून चार माणसं माझ्याकडे पाहायची. मला तो मान वाटायचा.

आसावरी फोटो पाठवायची. मधुमतीबाई ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकायच्या. खाली लिहायच्या, 'आमची भटकभवानी!'

आणि एके दिवशी आसावरीच्या कंपनीनं तिच्या अख्ख्या टीमला निरोप दिला. कंपनीनं फार वाईट वाटत असल्याचं कळवलं. त्या देशात वाईट बातमी इतकी अदबीनं सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटतं आपणच त्यांची समजूत काढावी.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, म्हणून सोपं करून सांगतो. आसावरीचा व्हिसा नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली की थोडी मुदत मिळते. तेवढ्यात व्हिसाची जबाबदारी घेणारी दुसरी कंपनी मिळाली तर राहायचं. नाहीतर गाशा गुंडाळायचा.

तिनं घरी सांगितलं नाही. "मिळाली की एकदमच सांगते," ती यतीनला म्हणाली.

"आणि नाही मिळाली तर?"

"यतीन, तू तुझा भात खा."

मग आमचे प्रवास पुन्हा सुरू झाले. आज ग्लासगो, परवा कार्डिफ. दोन्हीकडे इंटरव्ह्यू. स्वस्तातली बस, स्वस्तातलं हॉस्टेल आणि मी. इंटरव्ह्यू संपला की ती एखाद्या पुतळ्याजवळ उभी राहून हसायची, फोटो काढायची आणि हसणं लगेच बंद करायची. तो फोटो पुण्याला जायचा. सोसायटीतले लोक म्हणायचे, काय नशीब काढलंय पोरीनं!

राहता राहिली शिट्टी. संध्याकाळी आम्ही बसमध्ये असायचो. तेव्हा तिनं माझ्या तीन शिट्ट्या आपल्या जुन्या मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवल्या. यतीनला फोन लावून बोलायचं आणि जुन्या फोनवर शिट्टी लावायची, असा सराव तिनं आधी घरी केला.

"रोज तीनच नको वाजवू," यतीननं सल्ला दिला. "एखाद दिवशी राजमा आहे म्हणून सांग अन् सहा वाजव. संशय येते नाहीतर."

त्यानंतर ती प्रवासात बस थांबली की खाली उतरून घरी फोन करायची, तो जुना मोबाइल शेजारी धरायची आणि पुण्यात दिवा मालवला जायचा. पिशवीत मी गार पडलेला असायचो. बाहेर माझा आवाज चाललेला. जिवंतपणी आपली आठवण ऐकणं कसं असतं, ते मला विचारा.

मुदत संपत आली. शेवटचा इंटरव्ह्यू उरला, लीड्सला. दोन फेऱ्या फोनवर झाल्या होत्या, आता समोरासमोर भेटायचं होतं. "ही माझी झाली समज," असं ती मला म्हणाली. कुकरशी बोलायला लागलेलं माणूस किती टेकीला आलेलं असतं, हे सांगायला नको.

निघताना तिनं मला रिकामं घेतलं नाही. माझ्यात मोज्यांचा जोड, मोबाइलचा चार्जर, गुंडाळलेल्या वायरी, एक पॉवर बँक आणि सगळ्यात खाली मेतकुटाची पिशवी. झाकण लावलं. मी बॅगेत गेलो.

लीड्सच्या बसस्थानकावर उतरल्यावर तिला कपडे बदलायचे होते. बॅग बाथरूमच्या दारातून आत जाईना. बाकावर एक गोऱ्या आजीबाई विणकाम करत बसल्या होत्या. आसावरी त्यांना अगदी आपल्याकडच्या रीतीनं म्हणाली, "जरा माझ्या सामानाकडे बघाल का? आलेच."

आजीबाई म्हणाल्या, "हो, हो, खुशाल." तिकडे नाही म्हणणं उद्धटपणाचं असतं. पण हो म्हटल्यावर बसून राहिलंच पाहिजे, असं कुठे आहे? त्यांची बस लागली. त्यांनी विणकाम आवरलं आणि जाता जाता, सामानाकडे बघण्याचं वचन पाळायचं म्हणून, स्थानकावरच्या माणसाला सांगितलं, "एक मुलगी घाईघाईत ही बॅग ठेवून गेली. मी ओळखत नाही हो तिला."

बाथरूममध्ये आसावरीच्या स्कर्टची चेन अडकली होती. तेवढ्या वेळात त्या माणसानं शिट्टी वाजवली. ती माझ्याहून मोठी होती. सगळे बाहेर पळाले. कुणीतरी बाथरूमचं दार ठोठावून आसावरीलाही मागच्या बाजूनं रस्त्यावर काढलं. मी आत एकटा राहिलो. एवढ्या मोठ्या जागेत एकटा मी कधीच नव्हतो.

बाहेर निळीपांढरी पट्टी बांधली गेली. पट्टीच्या पलीकडे म्हातारी माणसं, तान्ही मुलं, बस चुकलेले लोक थंडीत कुडकुडत उभे. त्यांच्यात आसावरी, नव्या कोटात, केस विंचरलेली. ज्या इमारतीत जायचं ती समोरच दिसत होती. दोन सिग्नल ओलांडले की झालं. कुणीतरी म्हणालं, बॉम्ब असेल, यंत्र आणतायत, बॅग इथंच फोडणार. ती सिग्नलपर्यंत गेली. तिथे थांबली. परत आली आणि पट्टीजवळच्या पोलिसाला म्हणाली, "ती माझी बॅग आहे."

"आत काय आहे?"

"कपडे. आणि कुकर."

"कसला कुकर?"

"प्रेशर."

तीन पोलीस एकेक पाऊल मागे सरले.

पुढची चौकशी फार सभ्यपणे झाली. आधी यंत्र आलं, त्यानं मला हुंगलं. मग मला एका टेबलावर ठेवून उघडण्यात आलं. वायरी निघाल्या. पॉवर बँक निघाली. शेवटी पिवळसर पुडीची पिशवी निघाली आणि सगळे वाकून बघू लागले.

"हे काय?"

"मेतकूट."

"त्याचं काय करतात?"

"भातावर घालतात. तुपाबरोबर. डाळी भाजून दळतात आणि..." इथे आसावरीनं नव्या कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. "पोट बिघडलं असलं तर चांगलं असतं."

अधिकारी बराच वेळ लिहीत होता. मग त्यानं मला उलटं केलं. "या बुडावर काय कोरलंय?"

आसावरीनं वाचून दाखवलं, "चि. सौ. मधुमतीस, वास्तुशांतीनिमित्त, शशीकडून सप्रेम भेट."

"शशी कोण?"

"मावशी."

"शशी आत्ता कुठे आहे?"

"कोथरूडला."

हेही त्यानं लिहून घेतलं. शेवटी त्यानं मला तिच्या हातात दिलं, चहा हवा का विचारलं आणि पुन्हा असं करू नका म्हणाला. तोपर्यंत इंटरव्ह्यूची वेळ कधीच उलटून गेली होती. तिनं फोन केला. पलीकडच्या बाईंना सगळं ऐकून फार वाईट वाटलं. त्यांनी नंतर कळवतो म्हटलं. कळवलंही. अदबीनं.

बाकावर मला मांडीवर घेऊन तिनं पुण्याला फोन लावला. दुसरा मोबाइल बाहेर काढला नाही. एकदम सगळं सांगून टाकलं. नोकरी, व्हिसा, ग्लासगो, कार्डिफ, पोलीस.

"मग ते पुतळ्याजवळचे फोटो?"

"इंटरव्ह्यूला गेले होते तेव्हाचे."

"अगं, मी ते ग्रुपवर टाकले गं!"

"माहीत आहे, आई."

"सरळ जायचं होतंस ना इंटरव्ह्यूला! पोलीस बघून घेतात त्यांचं."

"लोक थंडीत उभे होते गं, आपल्या मेतकुटापायी. आणि ते कुकर फोडणार होते."

"फोडू दे की! कुकर काय, दुसरा आला असता. नोकरी येणार आहे का दुसरी?"

मित्रांनो, हे मी मांडीवर बसून ऐकलं. मधुमतीबाई चुकीचं काहीच बोलल्या नाहीत. त्याच बाईंनी मला भरून पाठवलं होतं, आणि त्या तेव्हाही बरोबरच होत्या. आसावरीनं डोकं खाली घालून माझ्या झाकणावर टेकवलं. कुकरवर पाणी आतून पडतं, बाहेरून पडायची ती पहिलीच वेळ.

"रडू नकोस," पलीकडून मधुमतीबाई म्हणाल्या आणि स्वतः रडायला लागल्या. "ये. तू ये आधी."

निघायच्या दिवशी बॅग वजनाला जड झाली. बूट निघाले, पुस्तकं निघाली, जाड कोट तिनं अंगावर चढवला. तरी जड. मग तिनं मला काढलं. यतीन म्हणाला, "मी ठेवतो ना." पण त्याचीही कंपनी त्या आठवड्यात फार अदबीनं बोलू लागली होती, म्हणून तिनं नको म्हटलं.

इथे नको असलेल्या वस्तू घरापुढच्या बुटक्या भिंतीवर ठेवायची रीत आहे. ज्याला हवी त्यानं न्यावी. तिनं मला घासलं, पुसलं, रिंगला तेल लावलं आणि भिंतीवर ठेवलं. कागदावर इंग्रजीत लिहिलं, 'उत्तम चालतो. कृपया घेऊन जा.' गेले काही महिने ती स्वतःबद्दल ठिकठिकाणी हेच लिहून पाठवत होती, फक्त जरा लांबवून.

टॅक्सी आली. ती दोनदा मागे वळली. तिसऱ्यांदा टॅक्सीच वळली.

तेव्हापासून मी इथे आहे. येणारेजाणारे थांबतात, कागद वाचतात, मला उचलतात, उलटा करून बुडाकडे पाहतात, हसतात, आणि पुन्हा खाली ठेवतात. कुणी वाईट वागत नाही. प्रत्येकाला घरी काहीतरी आहेच. एकानं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं आणि ते तसंच बाजूला ठेवून गेला.

मित्रांनो, माझी फार मोठी मागणी नाही. 'उत्तम चालतो' असं लिहून कुणी तुमच्या वाटेवर येऊन बसलं, तर त्याला घरी न्यायलाच पाहिजे असं नाही. पण उलटसुलट करून पाहिलंत, तर जाताना झाकण तेवढं लावून जा. पाऊस सुरू झालाय.